अमोनिया सुटला अन् आमी पान्याले भेलो

त्या दिवशी तिथं कोन कोन होतं ते पहिले सांगते, म्हंजे मागून गडबड नोको. मी होती. माही मोठी जाऊ होती, तिले मी बाई म्हनत होती. बाईची सून होती. तिचं लेकरू अजून अंगावर पीत होतं, पन ते घरी तिच्या मायजवळ होतं, बरं झालं. मशीनवाला होता, रायपूरकडचा मानूस, त्याले सारे भैया म्हनत. रोडच्या पलीकडचा धाबेवाला होता, तो मागून आला. बस, इतकेच. शेठ नव्हता. बाकीच्या बाया लग्नाले गेल्या होत्या, नाई तं त्या भी सापडल्या असत्या.

मी चवथी शिकली. लिहाले वेळ लागते. सुनेले विचारलं, लिहू का. ती म्हने, लिहा काकी, पन माहं खोटं नोका लिहू, बरं भी नोका लिहू. तसंच लिहून रायली.

आमची बर्फाची फॅक्टरी सडक अर्जुनीच्या अलीकडे, हायवेले लागून. म्हंजे आमची नाई, शेठची. समोर रोड, मागं बोडी. आमच्याकडे लहान तलावाले बोडी म्हनतात. मोठे तलाव कोहळी समाजाच्या जुन्या लोकाईनं बांधले, मासे आमच्या लोकाईनं धरले, असं पहिल्यापासून चालत आलं. मी लग्न होऊन आली तेव्हा मले जाळं धरता येत नव्हतं. बाईनं मले कमरेइतक्या पान्यात नेलं अन् म्हने, “बूड. डोळे मिटू नोको. डोळे मिटून काय नवऱ्याले शोधून रायली का गाळात?” मी बुडाली. डोळे उघडे ठेवले. गढूळ पान्यात हातानं चाचपून मरळ कशी धराची ते तिनंच शिकवलं. तिचा हात असा होता का मासा दिसाच्या आधी तिच्या बोटाले समजे.

दोघीचे नवरे गेले. आधी माहा, मंग तिचा. तलाव भी लवकर आटाले लागले. पहिले मे महिन्यात भी गळ्याइतकं पानी राहे, आता होळी झाली का चिखल उघडा पडते. पानी तापते, मासे उलटे होऊन वर येतात. मंग आमी बर्फाच्या फॅक्टरीत लागलो. सकाळी गाड्या येत, रोहू, कतला, कधी झिंगे. आमी धुवाचं, लहान मोठं निवडाचं, थर्माकोलच्या डब्ब्यात एक थर बर्फ, एक थर मासे, पुन्हा बर्फ. नागपूरची गाडी येगळी, रायपूरची येगळी. दिवसभर हात बर्फात. संध्याकाळी भाकरीचा तुकडा बोटाले समजत नव्हता, गरम आहे का थंडा.

आता गॅसचं. फॅक्टरीत एक थंडी खोली होती, त्यात डब्बे ठेवत. तिची मशीन जुनी, तिचा गॅस जुना. तो गॅस सारखा उडून जाये, खोली गरम होये, मासे वास मारत. मंग शेठनं नागपूरचा इंजिनेर आनला. त्यानं सांगतलं, हा जुना गॅस आता बंद होऊन रायला, हा वर जाऊन आभाळाचं वाटोळं करते, गरमी वाढवते. त्याच्या जागी अमोनिया टाका. हा निसर्गातला गॅस आहे, सस्ता आहे, लाईट कमी खाते, आभाळाले काहीच करत नाई. बर्फाच्या मोठ्या मशीनीत पहिल्यापासून हाच होता, आता खोलीले भी हाच लावू.

आमी बाया तिथंच होतो. बाईनं विचारलं, “साहेब, ह्याचा वास कसा राहते?”

इंजिनेर हसला. चांगला पोरगा होता, तोंडावर मिजास नव्हती. म्हने, “मावशी, तुमच्या गोठ्यात सकाळी जो वास येतो ना, बैलाच्या मुताचा, तोच. तोच गॅस आहे तो.”

बाई म्हने, “मंग आमच्या बैलाखाली लोटा ठेवला तं बर्फ होईन का?”

साऱ्या हसल्या. शेठ भी हसला. इंजिनेर म्हने, “लोटा ठेवून पाहा अन् मला सांगा.”

त्या दिवसापासून आमी त्या गॅसले बैल म्हनाले लागलो. सकाळी दार उघडलं अन् नाकाले झोंबलं का कोनीतरी म्हने, बैल सुटला वो. गोठ्यात आमी लहानाच्या मोठ्या झालो, त्या वासाले कोन भेईन? डोळ्यातून पानी आलं तं पदरानं पुसलं अन् कामाले लागलो. भैया गंधकाची बत्ती पेटवून पाइपाजवळून फिरवे. जिथं गॅस निघत असन तिथं पांढरा धूर होये, मंग तो नट आवळे. पन खोलीच्या बाहेरून एक पाइप जात होता, जुनाच, त्याच्यावर थर्माकोल अन् डांबर लावलं होतं. त्याच्या आत जंग लागला का काय, कोनाले दिसे? भैयानं शेठले सांगतलं, “ये पूरा खोल के देखना पडेगा.” शेठ म्हने, “सीझन निकल जाने दे.” गरमीचे दिवस होते, लग्नसराई होती, बर्फ पुरत नव्हता. शेठ काही राक्षस नाई. आपल्या घरचं कवेलू गळते तेव्हा आपन भी म्हनतोच, पानी थांबू दे मंग पाहू.

त्या दिवशी दुपारच्या आधी आमी तिघी मागच्या शेडात निवडत बसलो होतो. सून म्हनत होती, दूध दाटून आलं, आता घरी जाऊन लेकराले पाजून येते. बाई म्हने, “जाय, पन येताना चटनी आन. कालची तुही भाजी मीठ शोधत होती.”

“तुमाले तोंडात चव नाई आत्या, भाजीले काय बोलता.”

“चव आहे म्हनूनच बोलून रायली.”

इतकं बोलनं झालं अन् आवाज आला. ट्रकवाला ब्रेकची हवा सोडते ना, तसा, पन तो आवाज थांबेच ना. मशीनच्या खोलीच्या बाजूनं, त्या जुन्या पाइपाकडून, पांढरा धूर आला. धूर वर नाई गेला. जमिनीले लागून आला, सांडलेल्या दुधावानी, शेडाच्या खालून. तो गोठ्याचा वास नव्हता. तो वासच नव्हता. नाकात कोनी तापलेली सळई घातल्यासारखं झालं, श्वास अर्ध्यातच अडला.

भैया रोडकडून ओरडला, “बाजू से निकलो! रोड की तरफ! हवा के उलटे आओ!”

बाई ओरडली, “बोडीत चला वो, बोडीत!”

आमी बाईचं ऐकलं. भैयाचं ऐकू आलं होतं, पन पाय बोडीकडे गेले. आमचे लोक असेच आहेत. मधमाशा उठल्या, पान्यात. वावरात आग लागली, पान्यात. अंग जळलं, पान्यात. पान्यात गेलं का वाचलं, हे कोनी शिकवलेलं नाई, ते अंगातच आहे. अन् हवा त्या दिवशी रोडकडून बोडीकडेच वाहत होती. धूर भी तिकडेच चालला होता, आमच्या मागं मागं, उतारानं.

बाई आमच्याहून म्हातारी, पन सगळ्यात पुढं. माहे गुडघे चालत नाईत, मी पारीवर, म्हंजे बोडीच्या बांधावर, चढता चढता पडली. सुनेनं माहा हात धरून मले एका बाजूले ओढलं, मोहाच्या झाडाकडे. त्या ओढन्यानंच आमी दोघी धुराच्या कडेले गेलो. डोळे चुरचुरले, घसा सोलल्यासारखा झाला, पन वाचलो. बाई सरळ गेली. गळ्याइतक्या पान्यात गेली अन् बुडाली.

पारीवरून मी पाहत होती. सारी बोडी पांढरी झाली. त्या पांढऱ्यातून बाईचं डोकं वर येये, श्वास घ्याले, अन् पुन्हा खाली जाये. वर आली का तो धूर तिच्या तोंडात. अन् डोळे उघडे. तिचे डोळे पान्यात कधी मिटलेच नव्हते, त्या दिवशी कसे मिटतीन?

भैयानं तोंडाले ओलं पोतं गुंडाळून मागच्या दारानं जाऊन मोठा वॉल, म्हंजे गॅसची चावी, बंद केला. आवाज थांबला. धूर हळूहळू विरला. बाई स्वतःच चालत बाहेर आली. बोंब मारली नाई. दोन्ही हात पुढं धरून आली, जशी अंधारात मानूस येते. लुगडं अंगाले चिकटलं होतं. म्हने, “पानी जाळते वो. पानी जाळून रायलं मले.”

आमी तेच ऐकलं अन् तेच खरं धरलं.

भैया बादली घेऊन धावत आला. खोकत होता, त्याचे भी डोळे लाल. “पानी डालो! आँख में पानी डालो, बहुत पानी! और लुगडा निकालो इनका, गॅस भरा है उसमें!”

सून मधात उभी झाली. “दूर हो भैया! पान्यानंच तं जाळलं माह्या सासूले, अन् तू पानीच घेऊन आला?”

“अरे बेटी, पानी से ही ठीक होगा, समझ मेरी बात!”

“अन् लुगडं काढ म्हनते! लाज नाई वाटत?”

तिनं बादलीले लात मारली. बादली कलंडली, पानी पारीवरून खाली गेलं. भैया हात जोडून मले म्हने, “काकी, आप समझाओ.” मी काय समजावनार होती? माह्या डोळ्यापुढं बाई पान्यातून जळून निघाली होती. मले भी वाटलं, ह्याले गॅस लागला, हा भान सोडून बोलून रायला.

बाई खाली बसली. सुनेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. आमच्याकडे डोळे आले, डोळ्यात काही गेलं, तं ओल्या बाळंतिनीचं दूध घालतात. माह्या लहानपनी माह्या डोळ्यात भी मायनं शेजारनीचं दूध मागून घातलं होतं. सुनेनं भैयाले पाठ केली, चोळी सोडली अन् सासूच्या डोळ्यात आपलं दूध पिळलं. एका डोळ्यात, मंग दुसऱ्या. दूध दाटलेलं होतं, धार लागली. म्हनत होती, “थंड वाटते का आत्या? वाटते ना?”

बाई म्हने, “वाटते.”

मंग तिनं आपला पदर फाडला अन् डोळे घट्ट बांधून टाकले, हवा लागू नये म्हनून. लुगडं तसंच अंगावर. ओलं.

धाबेवाला त्याची पिकअप घेऊन आला. त्यानं पान्याची बाटली पुढं केली, सुनेनं ती भी हातानं लोटली. तालुक्याच्या दवाखान्यात गेलो, तिथून गोंदियाले पाठवलं. गाडीत बाई एकदा म्हने, मांड्या जळून रायल्या. आमी तिच्यावर चादर टाकली.

गोंदियाच्या दवाखान्यात नर्सनं पहिले कैचीनं लुगडं कापलं. खालची कातडी लुगड्यासंग आली. मंग पट्टी सोडली अन् नळी लावून डोळ्यात पानी सोडाले लागली. सून धावली, “पानी नोको वो, पानी नोको!” दुसऱ्या नर्सनं तिले धरलं.

डॉक्टर आला. म्हने, “गॅस लागल्यावर डोळे धुतले होते?”

त्यानं वाकून बाईची पापनी वर केली.

“हे आत काय घातलंय? कोनी घातलं? पट्टी कोनी बांधली?”

सुनेचं तोंड उघडलं. तिच्या आधी खाटेवरून बाई बोलली. घसा फाटलेला, शब्द तुटत होते, पन बोलली. “म्या सांगतलं. माह्या हुकमानं केलं तिनं. ती नाई म्हनत होती.”

डॉक्टरनं बाईकडे पायलं, मंग सुनेकडे, मंग तिच्या ओल्या चोळीकडे. त्याले समजलं असन. तो तिले काही बोलला नाई. मले बाहेर व्हरांड्यात नेलं अन् हळू आवाजात म्हने, “आजी, तिथंच पान्यानं धुतले असते, खूप वेळ, तर कदाचित एक डोळा राहिला असता. आता काही सांगता येत नाही.” मी ते सुनेले सांगतलं नाई. पन ती काही लहान नव्हती.

डोळे नाई राहिले. वरची बुबुळं पांढरी झाली, उकडलेल्या माशाच्या डोळ्यासारखी. मी दुसरं काय म्हनू, आयुष्यभर तेच पायलं मी. छाती भी गेली. दोन वाक्यं बोलली का खोकला.

घरी आनलं तेव्हा एक गोष्ट झाली. लेकरू रडे अन् सून त्याले अंगावर घेईना. वरचं दूध पाजे, वाटीनं. छाती दाटून ताप आला तिले, तरी पाजेना. मी म्हनलं, पोरी, असं नोको करू. ती माह्याकडे पाठ करून बसे. एक दिवस बाई खाटेवरून म्हने, “लेकरू काऊन रडून रायलं?”

मी म्हनलं, “पाजत नाई ती.”

“कायले?”

बाई लय वेळ खोकली. मंग म्हने, “ये वो इकडे. इथं बस, माह्याजवळ. घे त्याले.”

“आत्या, माहं दूध…”

“तुह्या दुधानं मले थंड वाटलं होतं. खोटं नाई बोलली मी. त्या सगळ्या दिवसात तितकंच थंड वाटलं. आता पाज त्याले, अन् रडू नोको, दूध खारं होईन.”

सून बसली. लेकरानं तोंड लावलं. बाईनं हात पुढं करून चाचपलं, लेकराचं डोकं, मंग गाल, गाल हलून रायला का नाई ते पायलं. मंग हात काढून घेतला.

बाई घरी बसून भी काम मागे. मी मासे आनले का निवडून दे, हातानंच. कधी चुकली नाई. पन पुढच्या थंडीत छाती भरली अन् गेली. जातानी काही मोठं बोलली नाई. पेज मागितली, दोन घोट घेतले, बाकीची सुनेले प्याले लावली.

फॅक्टरी काही दिवस बंद होती, मंग चालू झाली. पाइप सारे नवे टाकले. गॅस तोच, अमोनिया. इंजिनेर आला होता. मी त्याले बाजूले बोलावलं. त्यानं बाईचं ऐकलं होतं, मान खाली घालून उभा रायला. मी म्हनलं, “साहेब, पान्यानं काऊन जाळलं तिले? अन् पान्यानंच काऊन धुवाचं होतं? हे मले समजत नाई. समजल्याशिवाय झोप लागत नाई.”

त्यानं समजावून सांगतलं. म्हने, हा गॅस पान्याचा भुका आहे. पानी दिसलं का त्यात घुसते. डोळा ओला राहते, घसा ओला राहते, घामानं अंग ओलं राहते, म्हनून तो तिथंच जाळते. ओल्या लुगड्यात तो भरून बसला होता, अंगाले धरून. बोडीवर सारा धूर लोटला होता, बाई वर आली का तोच तिच्या डोळ्यात जाये. पन वाहतं पानी लय वेळ टाकलं का ते त्याले धुऊन घेऊन जाते. थोड्या पान्यात तो राहते, जास्त पान्यासंग तो जाते.

मी म्हनलं, “मंग हे पहिल्या दिवशी काऊन नाई सांगतलं? तुमी आभाळाचं सांगतलं. बैलाच्या मुताचं सांगतलं. आमी हसलो, तुमी भी हसले. हे इतकंच सांगाचं रायलं?”

तो म्हने, “मशीनवाल्याला सांगितलं होतं, मावशी.”

“मशीनवाला मशीनीजवळ राहते. आमी शेडात राहतो.”

तो म्हने, “गॅस वाईट नाही मावशी. खरंच, जुन्यापेक्षा हाच बरा.”

त्याचं खरं असन. मी त्या गॅसले शिव्या देत नाई. तलाव आटून रायले ते मी माह्या डोळ्यानं पायलं. आभाळ तापून रायलं हे मले कोनी शिकवाची गरज नाई. त्यानं आभाळ वाचत असन तं लावावा. आता म्हनतात गावोगावी अशा थंड्या खोल्या होनार, माशाले, भाजीले, दुधाले, अन् त्यात असेच निसर्गातले गॅस राहनार. व्हावं. आमच्यासारख्या बायाच तिथं निवडाले बसतीन.

आता फॅक्टरीवर एक लाल फडकं बांधलं आहे, उंच बांबूवर. भैयानं बांधलं. हवा कुठून कुठं चालली ते दिसते. शेडाजवळ नळ लावला, मोठ्या धारेचा. सून तिथंच कामाले जाते. नवी बाई आली का ती तिले पहिले नळ दाखवते. दुसरं काही सांगत नाई.

वाचनाऱ्याले माहं इतकंच मागनं आहे. तुमच्या गावात बर्फाची फॅक्टरी असन, थंडी खोली असन, तं आत काम करनाऱ्या बायाईले हे सांगा. गॅस सुटला तं पान्याकडे नाई, हवा पाहून धुराच्या आडव्या बाजूनं निघाचं. ओले कपडे काढून फेकाचे, कोनी मानूस उभा असला तरी. डोळ्यात दूध, तूप, मध काही घालाचं नाई, पट्टी बांधाची नाई. वाहत्या पान्यानं धुवाचे, थांबाचं नाई, दवाखान्यात जाईपर्यंत धुवाचे. अन् ज्या बाईले वाचता येत नाई, तिले हे वाचून दाखवा.